मोठ्या मोहाखालचा पाला

पोचू हिचामी झाडावर चढला की खालच्या माणसाचं काहीही ऐकत नसे. कानाला दोष नव्हता. मध काढायला, आंबे उतरवायला तो उभं आयुष्य झाडावर चढत आलेला, आणि जमिनीवरून शहाणपण सांगणारे त्याला फार भेटलेले. खालून कोणी हाक मारली की हसायचा आणि आणखी एक फांदी वर जायचा. माझा स्वभाव तापट. मी एटापल्लीत ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, जातीचा दाखला, झेरॉक्स, आणि सर्व्हर बंद पडला की लोकांच्या शिव्या. न ऐकणाऱ्या माणसांचा मला रोजचा राग येतो. पोचूचा मात्र येत नसे. आता येतो, आणि तो येऊन काही उपयोग नाही.

त्याचं गाव मरकावाडा. एटापल्लीहून डांबरी रस्ता पांढरगोट्यापर्यंत, तिथून पुढे जंगलाची वाट. पोचूची बायको बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. मागे राहिली रोशनी. पोचूचा थोरला भाऊ कोलू आणि त्याची बायको सुकरी शेजारच्याच अंगणात राहायचे. सुकरीचं स्वतःचं बाळ तेव्हा नुकतंच गेलं होतं, दूध मात्र होतं. तिनं कोणाला न विचारता रोशनीला उचललं आणि छातीशी लावलं. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठमाय म्हणतात. रोशनीच्या बाबतीत त्या शब्दातला पहिला भाग नसता तरी चाललं असतं.

पुढे म्हातारा बाप वारला आणि झाडांच्या वाटण्या झाल्या. शेती थोडी, तिच्यावरून भांडण नाही झालं. भांडण झालं मोहावरून. त्या भागात मोहाचं झाड जंगलात असलं तरी ते कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं; बापाकडून लेकाकडे येतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. बापाच्या झाडांत वाटेवरचा मोठा मोह सगळ्यांत गोड. गावच्या जुन्या माणसांनी तो थोरला म्हणून कोलूला दिला. पोचू म्हणायचा, बापानं जिवंतपणी मला कबूल केला होता. शब्दाला शब्द लागला, आणि पोचू सगळ्यांसमोर म्हणाला, "तुया मोहाखाली पाय ठेवीन तं बापाचं नाव नाई सांगणार." तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. शेजारशेजारच्या अंगणात, मधे बांबूचं एक कुंपण, आणि अबोला. रोशनी मात्र मागच्या फटीतून मोठमायकडे जायची, तिथंच जेवायची. पोचूला ते माहीत होतं. त्या फटीला त्यानं कधी बांबू लावला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

पोरगी आश्रमशाळेत शिकली, मग चंद्रपूरला, आणि नागपुरात नोकरीला लागली. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबचे फोन घ्यायचे. माणसं घाबरून विचारतात, आमचा रिपोर्ट आला का. त्यांना नीट सांगायचं. मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही येतात म्हणून तिला मान होता. पण शहरात तिचं मन लागत नव्हतं. कोरोनात सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हा ती मरकावाड्याला आली, आणि सिग्नलसाठी टेकडीवर, उन्हात बसून फोन घ्यायला लागली. फोन मधेच तुटायचा. पलीकडचा माणूस बिचारा आपल्याला काय रोग झाला हे अर्धंच ऐकायचा. शेवटी कंपनीनं सांगितलं, वायरचं पक्कं नेट असेल तर घरून काम करा, नसेल तर नागपूरला या. ती गेली. जाताना बापाला म्हणाली, "तार आली असती ना बा, तं मी इथूनच काम केलं असतं. कुठी गेलीच नसती."

बस, तेवढं एक वाक्य पोचूनं धरलं. त्याला काय हवं होतं ते मी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. त्याला नेट नको होतं. पोरगी घरी हवी होती.

त्याच सुमारास चंद्रपूरच्या एका संस्थेची दिव्यानी नावाची इंजिनिअर मुलगी आमच्या तालुक्यात आली. गावांनी आपल्याच पैशातून आपली फायबर लाइन कशी टाकायची, कशी सांभाळायची, हे शिकवत फिरायची. मी तिच्या सभेला गेलो ते जेवण होतं म्हणून. डिजिटल हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. आजवर तो शब्द घेऊन जो आला तो फोटो काढून गेला. पोचू त्या दिवशी माझ्या केंद्रात दाखल्यासाठी बसला होता, त्यालाही सोबत नेलं. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "तार बिघडली तं कोण पाह्यन?"

"तुम्हीच," दिव्यानी म्हणाली. "लाइन गावाची, तर दुरुस्तीही गावाची. मी शिकवीन, करून नाही देणार."

पोचूला ते पटलं. मला वाटलं, ही तरी खोटं बोलत नाही. म्हणून तार जोडायचं काम मीही शिकून घेतलं. केसाहून बारीक काच असते आत. ती साफ कापायची, मशिनमधे दोन टोकं समोरासमोर धरायची आणि वितळवून एक करायची. हात थरथरला की गेलं. गावागावांत नेट गेलं तर माझ्या धंद्यावर माती पडणार हे बायकोनं मला त्याच रात्री सांगितलं होतं. तिचं खरं ठरलं, पण ती वेगळी गोष्ट.

मरकावाड्याला जंगलाचा सामूहिक हक्क आहे. बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभा स्वतः विकते, आणि उरलेला पैसा हंगामाच्या शेवटी घरोघरी वाटला जातो. दिव्यानीचं म्हणणं, एक वर्ष वाटू नका, त्यातून लाइन टाका. हे गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या मांडवात, ठरायचं होतं. आणि त्या गावात मतं मोजत नाहीत. एकाचाही होकार यायचा राहिला तर ठराव नाही. सभा होत राहिल्या, आणि पोचू घरोघर फिरला. शेवटी सगळे हो म्हणाले, फक्त कोलू कोपऱ्यात गप्प बसून होता. लाइन पांढरगोट्याहून वाटेनं येणार, आणि वाटेच्या मध्यावर त्याचा मोठा मोह.

लाइन झाडांवरून न्यायची ही कल्पना पोचूची. दिव्यानी म्हणत होती, जमिनीत पुरू. खाली खडक निघाला. मग बांबूचे खांब, तर त्याला वाळवी. पोचू म्हणाला, "मोहावरून न्या. साग कोणी चोरून नेईन, पण मोहाले कोणी कुऱ्हाड लावत नाई." दिव्यानी झाडांच्या विरुद्ध होती. पण या एका वाक्यावर ती तयार झाली, मीही झालो. मोह तोडत नाहीत हे खरंच आहे. पण त्याच्याखाली दर फाल्गुनात काय करतात, हेही आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. फुलं पडायच्या आधी खालचा पाला पेटवून देतात, म्हणजे स्वच्छ जमिनीवर फुलं वेचता येतात. हे पहिल्यांदा दिव्यानीनंच विचारलं, आणि पोचूनं गोटुलात उभं राहून त्याचा नियम करून घेतला. लाइन ज्या मोहावर आहे त्याच्याखाली आग नाही. ज्याचं झाड त्यानं खराट्यानं झाडायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तेव्हा कोलू बोलला.

"माया मोहाले बांधा. पण खिळा नाई मारायचा. अन् हा माया झाडाखाली येणार नाई."

"नाईच येणार," पोचू म्हणाला.

झाला होकार. त्या सबंध लाइनीवर पोचू चढला नाही असं ते एकच झाड. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या घेऊन तो प्रत्येक मोहावर गेला, खिळ्याशिवाय तार बांधली. मोठ्या मोहावर मात्र खोकत खोकत म्हातारा कोलू चढला. तारेचं एक रीळ नेमकं तिथं संपलं, म्हणून सांध्याची पेटीही तिथंच टांगली. आणि उरलेली जादा तार, पुढे कधी तुटली तर लागेल म्हणून, वेटोळं करून त्याच झाडाला अडकवली. मध्यावरचं झाड, सावली चांगली, दोन्हीकडून सारखंच अंतर. त्यात चूक आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

लाइन सुरू झाली आणि रोशनी परत आली. ते वर्ष पोचूचं खरं वर्ष. पोरगी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची, "नमस्कार, मी रोशनी बोलते, काय मदत करू?" आणि बाहेर पोचू काठी घेऊन कोंबडे हाकायचा. तरी एखादा आरवायचाच. एकदा नागपूरच्या एका बाईनं विचारलं, "तुमच्या लॅबमधे कोंबडा आहे का हो?" रोशनी म्हणाली, "हो मॅडम, सकाळच्या पाळीला असतो." हे पोचूनं मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी त्या कोंबड्याचीच चौकशी करायला लागलो. पोरगी दुपारी मागच्या फटीतून मोठमायकडे जेवायला जायची, संध्याकाळी गावातल्या बायकांच्या फोनवर त्यांच्या लेकी-जावयांना बोलावून द्यायची. पहिला फाल्गुन नीट गेला. सगळ्यांनी आपापल्या झाडाखाली खराटे फिरवले, कोलूनंही.

दुसऱ्या फाल्गुनात कोलूचा खोकला वाढला आणि त्याला चंद्रपूरला दवाखान्यात न्यायचं ठरलं. निघायच्या सकाळी सुकरी पोचूच्या कुंपणाशी आली. यापुढचं मला पोचूनं स्वतः सांगितलं आहे. मी त्यात माझं काही घातलेलं नाही.

सुकरी म्हणाली, "भाऊ, आमी दोघंबी जाऊन राह्यलो. मोठ्या मोहाखाली पाला पडला हाये. जरा झाडून घेजा."

पोचू खराट्यालाच बांबू बसवत होता. त्यानं विचारलं, "दादानं सांगतलं काय?"

"त्यायनंच सांगतलं. थे येऊन नाई राह्यले, पण त्यायनंच धाडलं मले."

पोचू बांबू ठोकत राहिला. हो नाही, नाही नाही. सुकरी थोडी थांबली आणि गेली. पोचूच्या मनात एकच आलं: बायकोला पाठवतो, स्वतःच्या पायानं येत नाही. चार पावलांचं तर अंगण. स्वतः येऊन म्हणू दे, पोचू, माझं झाड पहा, मग पाहतो.

त्यानंतर तो रोज त्या वाटेनं गेला. मोठ्या मोहाखाली पाला चढत होता, वारा आजूबाजूचाही तिथं आणून टाकत होता. आपल्या झाडांखाली तो खराटा फिरवायचा आणि खांद्यावर खराटा टाकून त्या झाडावरून पुढे जायचा. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तरी झालं असतं. शपथ त्याला होती, गावाला नव्हती. पण सांगायचं तर सुकरी आली होती हे सांगावं लागलं असतं, मग तूच का नाही झाडलं, हेही आलं असतं. आज नाही, उद्या, असं म्हणत राहिला.

वणवा नाल्यापलीकडून आला. कुठून पेटला, कोणी पेटवला, कळलं नाही; त्या दिवसांत कुठून ना कुठून येतोच. गाव धावलं. ओल्या फांद्यांनी झोडून त्यांनी आग अडवली, झाडलेल्या सगळ्या मोहांखाली तिला काही मिळालंही नाही. मोठ्या मोहाखाली मात्र गुडघाभर पाला होता, आणि बुंध्यात जुनी ढोली. ढोलीत आग शिरली आणि दोन दिवस आतल्या आत धुमसत राहिली. सांध्याची पेटी, तारेचं वेटोळं, दोन्हीकडची तार, सगळं वितळून खाली ठिबकलं. रोशनी तेव्हा एका म्हाताऱ्याला त्याच्या साखरेचा आकडा सांगत होती. तो आकडा त्या म्हाताऱ्याला त्या दिवशी मिळाला नाही.

दिव्यानीला घेऊन मी दुसऱ्या दिवशी पोचलो. जादा तारच जळाली होती, नवीन मागवायला हवी होती. मग तेंदूचा हंगाम, सगळं गाव जंगलात. त्याच्यामागे पाऊस, आणि पावसात ती वाट म्हणजे चिखल. दिव्यानी म्हणाली, दिवाळीआधी कठीण आहे. रोशनी तिथंच उभी होती. कंपनीनं तिला पंधरवड्याची मुदत दिली होती, तेवढ्यात नेट नाही आलं तर नागपूर.

आम्ही पोचूच्या अंगणात चहा पीत होतो, तेवढ्यात कोलू आला. दवाखान्यातून नुकताच परतलेला, हातात काठी, मागे सुकरी. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा त्या कुंपणाच्या आत आला. चहाचे कप आमच्या हातातच राहिले. कोलू पोचूसमोर उभा राहिला आणि विचारलं, "हिनं तुले सांगतलं होतं ना? झाडून घे म्हणून?"

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पोचूकडे पाहिलं तर तो भावाकडे पाहत होता, आणि रोशनी दारात होती.

"नाई दादा," पोचू म्हणाला. "मले कोणी नाई सांगतलं."

कोलू मागे वळला. सुकरीनं पोचूकडे पाहिलं. रागानं नव्हे, एखाद्याच्या ताटात काय वाढलंय ते पाहावं तसं पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "इसरली मी. तुमच्या गोळ्या-औषधाच्या घाईत इसरली."

"मंग याचा काई दोष नाई," कोलू म्हणाला, आणि तिथंच पोचूच्या खाटेवर बसला. "मले वाटलं, तू मुद्दामून जळू देल्लं." आणि त्या खाटेवर तो म्हातारा रडला. पोचूही रडला. आम्ही बाहेरचे, मला वाटलं, चला, झाड जळालं पण भाऊ भाऊ एक झाले. असं मी दिव्यानीला परतताना म्हटलंही. माणूस किती सहज खूश होतो.

गोटुलात सभा झाली. नियम गावानं केला होता, नियम मोडला तर दंड गावाचा. सुकरी विसरली म्हणून सुकरीनं गावाला जेवण द्यायचं ठरलं. तिनं भात, उडदाची डाळ, वाळलेले मासे केले. पोचू पंगतीत बसला.

"मी जेवलो अश्वजितभाऊ," त्यानं मला पुढे सांगितलं. "दोनदा भात घेतला. कोणाले शंका येऊ नये म्हणून. वैनीनंच वाढला."

रोशनी निघाली त्या दिवशी पांढरगोट्याच्या गाडीपाशी मी होतो. सुकरी चालत तिथवर आली होती, पदरात मोहफुलाचे लाडू आणि टोरीच्या तेलाची बाटली. टोरी म्हणजे मोहाचं फळ. ते तेल केसाला लावत पोरगी लहानाची मोठी झालेली. रोशनीनं हात पुढे केला नाही. ती म्हणाली, "मोठमाय, मी तुया भरोशावर राह्यली होती का नोती? एवढंही ध्यानात नाई राह्यलं तुया?" सुकरी म्हणाली, "वय झालं बाई." रोशनी गाडीत बसली, काच लावली. पोचू तिची पिशवी धरून उभा होता. पिशवी आत दिली आणि मागे सरला. तोंड उघडायला त्याला तेवढा वेळ पुरला असता.

कोलू श्रावणात गेला. त्या चार महिन्यांत दोघं भाऊ रोज संध्याकाळी एकत्र बसले, एका डब्यातला तंबाखू खाल्ला, बापाच्या गोष्टी काढल्या. मरायच्या आधी कोलूनं जळका मोठा मोह पोचूला दिला. ढोली जळाली होती तरी एका बाजूची फांदी जिवंत होती. बायकोला मात्र तो शेवटपर्यंत अधूनमधून टोचायचा, तू विसरली नसतीस तर पोरगी इथं असती. सुकरी ऐकून घ्यायची.

दिवाळीनंतर नवीन तार आली. या वेळी मधल्या भागात लोखंडी खांब घातले. मोठ्या मोहाजवळ सांधा जोडायला मी मशीन मांडून बसलो होतो, पोचू खांबावरून तार सोडत होता. खाली उतरला, माझ्याजवळ बसला आणि न विचारता सगळं सांगून टाकलं. सुकरी कुंपणाशी आली तिथपासून भात दोनदा घेतला तिथपर्यंत. माझ्या हातातली काच तुटली. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "अरे, मग सांग ना आता तरी."

"कोणाले सांगू? दादा तं गेला."

"जिवंत आहेत त्यांना सांग. पोरीला सांग."

तो उठला आणि खांबावर चढला. मी खालून बोलत राहिलो. तो वर तार ताणत राहिला.

लाइन सुरू झाली तेव्हा त्याला वाटत होतं, पोरगी परत येईल. रोशनीची तोवर हैदराबादला बदली झाली होती. "आता नाई जमत बा," ती म्हणाली, "माया हाताखाली पोरी हायेत, मले ऑफिसात बसा लागते." दर रविवारी ती व्हिडिओवर दिसायची. खायला काय केलं, गुडघा दुखतो का, हे विचारायची. मोठमायचं नाव काढत नसे. सुकरी कुंपणाशी येऊन विचारायची, "पोरगी बरी हाये ना?" पोचू म्हणायचा, "बरी हाये. तुमाले इचारत होती." हे दुसरं खोटं, आणि हे तर दर आठवड्याला. सुकरी मान हलवायची. तिला ते खोटं आहे हे कळत होतं, असं मला वाटतं.

एका रविवारी त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, फोन लावून द्या आणि तुम्हीच धरून ठेवा. आम्ही फटीतून सुकरीच्या अंगणात गेलो. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी फोन लावला. रोशनीचा चेहरा आला, मागचं अंगण पाहून ती थबकली.

पोचू उभ्यानंच बोलला. "मोठमाय इसरली नोती. निघाच्या आधी माया कुंपणाशी आली होती. मले सांगून गेली. मी झाडलं नाई. अन् दादासमोर खोटं बोललो."

रोशनीनं फोन तोंडाजवळ घेतला. मग तिनं बापाला नाही, सुकरीला विचारलं, "मोठमाय, तू तवा काऊन नाई बोलली?"

सुकरीनं सूप खाली ठेवलं. "तुया मोठ्या बाचे दिवस भरत आले होते बाई. इतक्या वर्सानं त्यायले भाऊ भेटला होता. भाऊ खोटा निंघाला, हे त्यायले नसतं सोसलं. बायको इसरली, हे सोसते."

"अन् मी? मी तुले काय काय बोलली."

"तू तं लेकरू होय."

रोशनी रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "बा, तू जरा भाइर जा."

मी फोन सुकरीच्या हातात दिला, आणि आम्ही दोघं कुंपणापलीकडे येऊन बसलो. त्या दोघी गोंडीत बोलत होत्या. मला गोंडी मोडकीतोडकी येते, आणि येत असती तरी ऐकलं नसतं. पोचू मात्र कान देऊन बसला होता, आपलं नाव निघतं का म्हणून. बोलणं संपलं आणि सुकरी फोन घेऊन आली. त्यानं विचारलं, "मायासाठी काई म्हणली?"

"नाई," सुकरी म्हणाली. आणि मग, "भात झाला हाये. दोघंबी जेवून जा."

आता रोशनीचा फोन सुकरीकडे येतो. दर रविवारी पोचू तिच्या अंगणात जाऊन भिंतीला टेकून बसतो, लांबून आवाज ऐकतो. पोरगी मोठमायला सगळं सांगते. दिवाळीला येईन म्हणते, येत नाही. गावात लाइन उत्तम चालते. शाळेतली पोरं, पोस्टाचे पैसे, माहेरवाशिणींचे फोन, सगळं. दिव्यानी इतर गावच्या लोकांना मरकावाडा दाखवायला आणते, आणि पोचू त्यांना खांब दाखवतो. झाडांवर का नको हे कोणी विचारलं तर तो दिव्यानीकडे बोट करतो.

या फाल्गुनात मी गेलो तेव्हा तो जळक्या मोहाखाली खराटा मारत होता. त्या झाडावर आता तार नाही. जिवंत फांदीची थोडी फुलं पडतात, ती तो वेचून सुकरीच्या सुपात नेऊन टाकतो. रविवार होता, म्हणून मीही अंगणात बसलो. बोलण्याच्या ओघात सुकरी फोनमधे म्हणाली, "तुया बा आत्ताच मोठ्या मोहाखालून झाडून आला."

पलीकडून आवाज आला नाही. पोचूनं माझ्याकडे पाहिलं. मी उठून भिंतीवरच्या नेटच्या पेटीचे दिवे पाहिले, तार हलवून पाहिली. लाइन चांगली होती.